बाराचा भोंगा

"बिराजदार, धरणाचं नदीकडचं दार आजच उघडायचंय. उद्या नाही, आज. बाराला भोंगा द्या आणि दार पूर्ण वर घ्या."

फोनवर ढोबळे साहेब होते, आमचे उपअभियंता. मी उभी राहून बोलत होते. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते आणि साहेबांचा आवाज कानावर पडला की खुर्ची सोडायची, ही सवय मला लागली होती. जसं काही तारेतून त्यांना दिसणारच होतं.

"पण सर, दवंडी उद्याची दिलीय," मी म्हणाले.

"शहरातल्या दवाखान्यात कालपासून थेंब नाही. त्यांची नदीतली विहीर कोरडी पडलीय, ऑपरेशनं थांबलीत. कलेक्टर माझ्या डोक्यावर बसलेत. आता पुन्हा दवंडी पिटत बसू?"

"हो सर."

"काय हो?"

"म्हणजे नाही सर. उघडते सर."

फोन ठेवला तेव्हा बापू खरात दारात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. बापू धरणावरचे चौकीदार. धरणाची माती पडल्यापासून ते तिथे होते आणि आपल्यानंतर आलेला प्रत्येक इंजिनियर हा चार दिवसांचा पाहुणा असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

"सायबांना हो म्हणायला बी शिकावं लागतं मॅडम," ते म्हणाले.

त्यांना हसायला काय जात होतं! ते कायम नोकरीतले. मी परिविक्षेवर होते. म्हणजे साहेबांनी एक वाईट शेरा मारला की चंबूगबाळं उचलून परत लातूरला. शेवटच्या वर्षी कॉलेजात मी अख्खं धरण कागदावर उभं केलं होतं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाठ थोपटली होती. इथे आल्यावर माझ्या वाट्याला आलं ते रोज सकाळी पाण्याची पातळी वाचणं आणि 'हो सर' म्हणणं. पहिल्याच दिवशी उपविभागातल्या हेडक्लार्कनी मला चहा पाजून सांगितलं होतं, "मॅडम, परिविक्षा संपेपर्यंत दुसरा शब्द तोंडातून काढू नका. नंतर काय बोलायचं ते बोला." मी हुशार विद्यार्थिनी होते. सांगितलेलं लगेच पाठ केलं.

तिळवणी नदीवरचं आमचं धरण तसं मध्यम. पायथ्याशी नदीकडे उघडणारं एक लोखंडी दार होतं. मोटरीने वर जायचं, आणि मोटरीच्या पेटीला कुलूप होतं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी साहेबांकडे. धरणाखाली दोन-तीन किलोमीटर नदीचं पात्र अरुंद, दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या दरडी. पाणी सोडलं की त्याला पसरायला जागा मिळत नसे, ते उभंच्या उभं धावायचं. आदल्या वर्षी एका मेंढपाळाची मेंढरं त्यात गेली होती. म्हणून तर आधी दवंडी आणि मग भोंगा, असा नियम होता.

आणि त्या दिवशी पात्रात माणसं होती. हे मला माहीत होतं.

मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या हौसाक्कांच्या लेकीच्या मुलाचं जावळ होतं. नवस म्हसोबाचा, आणि म्हसोबाचा दगड नदीच्या पात्रात. जावळ खरं तर शुक्रवारी व्हायचं होतं, पण पाणी सुटणार अशी दवंडी झाल्यावर त्यांनी ते घाईने एक दिवस अलीकडे घेतलं. सकाळी मी निघाले तेव्हा हौसाक्का अंगणात पातेली बांधत होत्या.

"दुपारचं तिकडंच ये पोरी जेवायला. बोकड कापलंय. भोंगा झाला की पंगत बसवतो."

"ड्युटी आहे, आक्का."

"ड्युटी काय पळून जाती व्हय?"

साहेबांचा फोन आला तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण मी स्वतःला समजावलं, की भोंगा ऐकून माणसं उठतील. भोंगा असतो कशासाठी? घड्याळात बाराला थोडाच अवकाश होता, म्हसोबाची जागा लांब, खाली जाऊन यायला वेळ नव्हता. मी किल्ली घेऊन मोटरीच्या खोलीत गेले आणि बापू जिना चढून भोंग्याकडे गेले.

आता या भोंग्याबद्दल सांगायला हवं. तो सुरू राहतो का हे बघायला महिन्यातून एकदा वाजवायचा, असं नियमात होतं. बापू रोज वाजवायचे. बरोब्बर बाराला. त्यांचा तो अभिमानाचा विषय होता. भोंगा जुना झालेला, घसा बसलेला. कधी एका दमात वाजायचा, कधी मध्येच गुदमरायचा, मग बापू शिव्या घालत तो पुन्हा सुरू करायचे. त्यामुळे किती वेळा वाजला हे कोणी मोजत नसे. खालच्या तिन्ही गावांत शाळेची मधली सुट्टी, रानातली भाकरी, सगळं त्यावर चालायचं. पहिल्या आठवड्यात मला याचं फार कौतुक वाटलं होतं. मी आईला पत्रात लिहिलंही होतं.

नियमाप्रमाणे बापूंनी तीन लांब भोंगे दिले. मी किल्ली कुलपात घातली. पेटी उघडली. लाल बटण, हिरवं बटण. बापू खाली येईपर्यंत थांबायचं होतं, कारण दार वर जाताना साखळीकडे एकाने बघायचं असतं. हाताला घाम आला होता, पण तो उत्साहाचा होता. नोकरीतलं पहिलं खरंखुरं काम होतं ते.

बापू आले. खांद्यावरचा पंचा त्यांनी भिंतीकडे टाकला, कोपऱ्यातला डबा उचलला, मांडी घातली आणि झाकण काढलं.

"बापू, हे काय?"

"काय?"

"डबा का सोडलात?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "भोंगा झाला की, मॅडम."

"अहो, आत्ताचा भोंगा पाण्याचा होता! तुम्हीच वाजवलात!"

बापूंनी हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ज्याने भोंगा वाजवला तोच जेवायला बसला होता. मग ज्यांनी ऐकला त्यांचं काय? ती माणसं उठली नव्हती. ती आत्ता, या क्षणाला, पात्रात पंगत धरून बसत होती.

मी धावत केबिनमध्ये गेले आणि साहेबांना फोन लावला.

"उघडलं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. खाली माणसं आहेत. जावळाची पंगत बसलीय."

"भोंगा दिला ना?"

"दिला सर, पण त्यांना तो जेवणाचा वाटतो. रोज याच वेळेला..."

"बिराजदार, तीन भोंगे दिले की दहा मिनिटांनी दार उघडायचं. नियम आहे. तिकडे पेशंट टेबलावर आहेत, कळतंय का तुम्हाला? उघडा."

मी उभीच होते.

"नाही सर."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काय म्हणालात?"

"माणसं वर आल्याशिवाय मी उघडणार नाही, सर."

"ठीक आहे," साहेब अगदी शांत आवाजात म्हणाले, आणि त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. "मी निघतोय. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही जागेवरून हलू नका. आल्यावर तुमचं बघतो."

मी पेटी बंद केली, कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली.

"बापू, साहेबांना सांगा मी माणसं उठवायला गेलेय. मी येईपर्यंत त्यांना थांबवा."

"मी?" बापू म्हणाले. "सायबांना मी काय थांबवणार, मॅडम?"

त्यांचंही खरंच होतं. साहेबांची जीप तालुक्याहून यायला फार वेळ लागणार नव्हता. मी माझी लूना काढली.

नदीकाठचा तो रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. लूना उड्या मारत होती आणि मी तिला घोड्यासारखी हाकत होते. एका हाताच्या मुठीत किल्ली, तोच हात ॲक्सिलरेटरवर. किल्ली तळव्यात रुतत होती, पण खिशात टाकायला थांबावं हे सुचलंच नाही.

दरडीवरून खाली पाहिलं. चाळीस-पन्नास माणसं तरी होती. करंजाच्या सावलीत वाळूवर दोन रांगा, पुढ्यात पत्रावळ्या, वाढपी रश्श्याच्या बादल्या घेऊन पळतायत. चुली पेटलेल्या. म्हसोबाच्या दगडासमोर हौसाक्कांचा मुलगा तानाजी मांडी घालून बसला होता. पोराचा मामा. जावळ मामाच्या मांडीवरच काढतात. पोर भोकाड पसरून रडत होतं आणि शंकरदादा न्हावी त्याच्या अर्ध्या डोक्यावरून वस्तरा फिरवून बसले होते.

मी पायवाटेने घसरत खाली गेले. "उठा! सगळे वर चला! पाणी सुटतंय!"

माना वर झाल्या. कोणीतरी हसलं.

"पानी उद्याच्याला हाय मॅडम," एक वाढपी म्हणाला. "दवंडी झालीया."

"आजच सोडतायत! आत्ता! भोंगा ऐकला नाहीत का?"

"ऐकला की. म्हणून तर बसलोय जेवाय."

"तो पाण्याचा भोंगा होता!"

"बाराचा व्हता," तानाजी जागेवरूनच म्हणाला. "बरोब्बर बाराचा. आम्हाला कळत न्हाई व्हय?"

हौसाक्का हात पुसत पुढे आल्या. चारचौघांत त्या मला मॅडम म्हणायच्या. "मॅडम, बसा आधी. उनाचं आलाय. दोन घास खावा."

"आक्का, साहेब दार उघडायला निघालेत. सगळ्यांना वर न्या, मी पाया पडते."

त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली, पण त्यांनी पंगतीकडे बघितलं आणि हात उडवला. "भरल्या पानावरनं माणसं कशी उठवू? आन् वस्तरा लागलाय पोराला. अर्धं जावळ सोडून उठत न्हाईत. म्हसोबाचं हाय ते."

"एवढं उरकू द्या मॅडम, मग बघू," दुसरं कोणी म्हणालं, आणि रश्श्याची बादली पुढे सरकली.

मी ओरडले. विनवलं. एकाच्या दंडाला धरून ओढलं, तर तो उष्टा हात झटकून माझ्यावर डाफरला. एवढी वर्षं शिकले त्यात पाण्याचा वेग काढायला शिकले होते, दाराखालून किती पाणी जातं ते शिकले होते, पण जेवायला बसलेल्या माणसाला कसं उठवायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मला रडू यायला लागलं. खरंच आलं. आणि त्याच वेळी वरच्या रस्त्याने जीप धरणाच्या दिशेने गेल्याचा आवाज आला. मी ओरडत हात हलवले, पण दरडीआड आम्ही कोणालाच दिसत नव्हतो.

मी पुन्हा एकेकाची विनवणी करत फिरले, कोणी हललं नाही, आणि वेळ जात होता. शंकरदादांनी वस्तरा धुवायला वाटीकडे हात नेला. तेवढ्यात मी काय केलं? वाकले, तानाजीच्या मांडीवरून ते पोर उचललं आणि पळत सुटले.

मागे एकच गिल्ला उठला.

"पोरगं घेऊन पळाली!"

"धरा तिला! अगं बया, पोरगं!"

पोराची आई किंचाळली. भांडी उपडी झाली. मी पायवाटेला लागले होते, पोर काखेत, ते माझे केस ओढत होतं. मागून शंभर पायांची धबधब येत होती. बायका, पोरं, उष्ट्या हातांचे बाप्ये, वाढपी, शंकरदादा वस्तऱ्यासकट. माझ्या आयुष्यात माझ्यामागे एवढी माणसं कधी लागली नव्हती आणि त्यातलं एकही माझ्या भल्यासाठी येत नव्हतं. दम संपला होता. मी ती दरड चढले कशी, देव जाणे.

वर आल्यावर तानाजीने मला गाठलं. खांद्याला धरून गर्रकन वळवलं. पोर आईने ओढून घेतलं. तानाजीचा हात वर गेला होता, डोळे लाल झाले होते, आणि मी डोळे मिटून घेतले. मार बसणार याची मला खात्री होती, आणि तो बसला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

हात खाली आला नाही. मी डोळे उघडले. तानाजी माझ्याकडे बघत नव्हता. मान वळवून नदीकडे कान देऊन उभा होता. वळणामागून दगडावर दगड घासल्यासारखा आवाज येत होता, आणि तो वाढत होता.

"आबा," हौसाक्का म्हणाल्या. मग त्या ओरडल्या, "अरं, आबा खालीच हाईत!"

हौसाक्कांचे सासरे. त्यांना नीट ऐकू येत नसे. आख्खी पंगत उठून पळाली तरी ते एकटे आपल्या पत्रावळीवर वाकून सावकाश जेवत होते.

तानाजीने दरडीवरून उडीच टाकली. वाळूतून तो धावला, म्हाताऱ्याला बखोटीला धरून उठवलं, पाठीवर घेतलं. आबांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. तानाजी पायवाटेच्या निम्म्यावर असताना वळणावरून पाणी आलं. आधी फेस, काटक्या, कचरा, आणि त्यामागे गढूळ पाण्याची कमरेएवढी भिंत. चार-पाच जणांनी हात खाली दिले आणि दोघांना वर खेचलं. तानाजीचा एक पाय तेव्हा पाण्यात होता.

चुली फस्सकन विझल्या. पत्रावळ्या, बादल्या, पातेली, शंकरदादांची पेटी, सगळं एका झटक्यात उचललं गेलं. म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड पाण्याखाली दिसेनासा झाला. आम्ही सगळे दरडीवर उभे राहून बघत होतो. लहान पोरंसुद्धा गप्प होती. रडत होतं ते एकच, अर्ध्या डोक्याचं.

जीप थोड्या वेळाने आली. मागे बापू बसले होते, मान खाली घालून. ढोबळे साहेब उतरले. तरातरा माझ्याकडे यायला निघालेला माणूस ती गर्दी, ते उष्टे हात आणि खालचं पाणी बघून मध्येच थांबला. साहेब वाईट नव्हते. दवाखान्यातल्या माणसांसाठी त्यांचा जीव खरंच टांगणीला लागला होता. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"खरात, भोंगा दिला होता ना?"

"दिला व्हता, सायेब," बापू पुटपुटले. "पण मी सांगत व्हतो तुम्हाला, मॅडम खाली..."

"तीन दिले होते ना?"

"तीन."

साहेब माझ्याकडे वळले. सगळी गर्दी ऐकत होती. "बिराजदार, भोंगा वाजला होता. बरोबर?"

मला फक्त 'हो सर' म्हणायचं होतं. खोटंही ठरलं नसतं. हेडक्लार्क असते तर त्यांनी मला चहा पाजला असता.

"वाजला होता, सर," मी म्हणाले. "रोज वाजतो."

साहेबांनी पुन्हा खाली पाण्याकडे पाहिलं. करंजाच्या फांदीला एक पत्रावळ अडकून फडफडत होती. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, ते किती तरी वेळ पुसतच राहिले.

पुढे माझी परिविक्षा वर्षभरासाठी वाढली. कारण लिहिलं होतं, वरिष्ठांच्या आदेशाचं पालन नाही. बाराचा भोंगा मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाला, तोही साहेबांच्याच हुकमाने. तिन्ही गावांतले लोक महिनाभर माझ्या नावाने बोटं मोडत होते, जेवणाची वेळ कळेना म्हणून. बापू तर माझ्याशी बोलेनातच.

पण त्या दुपारी जीप परत गेल्यावर प्रश्न पोराचा होता. जावळ अर्धं ठेवून घरी नेता येत नाही, यावर सगळ्या बायकांचं एकमत होतं. शंकरदादांच्या हातात वस्तरा राहिला होता, तेवढाच. म्हसोबा पाण्याखाली, तर त्याच्याकडे तोंड करून दरडीवरच उरकायचं ठरलं. कोणीतरी घोंगडी अंथरली.

"मामा, बस," शंकरदादा म्हणाले.

तानाजी बसला नाही. त्याच्या विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत ओला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा."

"अरं, मामाची मांडी लागती," एक म्हातारी म्हणाली.

"मामाच सांगतोय न्हवं," हौसाक्का तिला म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. सगळ्यांसमोर त्या मला मॅडम म्हणाल्या नाहीत. "बस पोरी. तूच उचललास त्याला, आता तूच धर."

मी घोंगडीवर मांडी घातली. पोर माझ्या मांडीवर आलं.

"डोस्कं घट धरा दोनी हातांनी," शंकरदादा म्हणाले. "हलू देऊ नगा."

उजवा हात उघडेना. मी खाली पाहिलं तेव्हा कळलं, त्यात अजून किल्ली होती. त्या किल्लीचा आता काही उपयोग नव्हता. खरं तर साहेब निघाले तेव्हापासूनच नव्हता. तरी मी ती लूनावर, पंगतीत, दरड चढताना, पोर काखेत असताना धरून ठेवली होती. तळव्यावर तिचे दात उमटले होते आणि एका जागी रक्त आलं होतं.

तानाजी समोर उकिडवा बसला. एकेक करून त्याने माझी बोटं सोडवली.

"द्या हिकडं," तो म्हणाला. "मी धरतो."

त्याने ती किल्ली आपल्या दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली. मग शंकरदादांनी वस्तरा लावला, मी दोन्ही हातांनी त्या पोराचं डोकं धरलं, आणि उरलेलं जावळ माझ्या मांडीवर पडायला लागलं. शेवटचा केस निघेपर्यंत तानाजी तसाच उकिडवा बसून होता, किल्ली सांभाळत.